कुलूपबंद घरामागची बाग

जालन्याहून अंबडमार्गे बीडकडे जाणारी वाट मोसंबीच्या मुलखातून जाते. एस.टी.च्या खिडकीतून दोन्ही अंगांना गर्द हिरव्या, गोल माथ्याच्या झाडांच्या ओळी दिसतात. बागेच्या कोपऱ्यावर विहीर, तिच्या बाजूला पत्र्याची खोली आणि अलीकडच्या काळातले, काळा प्लॅस्टिक कागद अंथरलेले शेततळे. परमुलखातल्या पाहुण्याला हा दुष्काळी भाग आहे असे सांगितले तर तो हसेल.

पण २०१२-१३ साली जे या रस्त्याने गेले असतील त्यांना हसू यायचे नाही. तो पावसाळा कोरडा गेला. पैठणचा नाथसागर तळाला लागला. पंधरा-पंधरा वर्षांची, ऐन भरातली मोसंबीची झाडे उभ्या उभ्या वाळली आणि लोकांनी ती सरपणासाठी तोडली. ज्यांच्या गाठीला चार पैसे होते त्यांनी टँकर आणून बागा जगवल्या. ज्यांच्या नव्हते त्यांनी बोअर घेतले, ते कोरडे गेले म्हणून पुन्हा घेतले. पुढे २०१५-१६ साली तशीच पाळी आली. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते सगळ्यांना आठवत असेल.

मोसंबीचा यात दोष नाही. ते झाड मुळात बारमाही पाण्याचे. आंबे बहर धरला की जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते आणि फळ पोसायचे दिवस नेमके एप्रिल-मेचे असतात. भर उन्हाळ्यात मोठे झाड दिवसाला शंभर लिटर पाणी सहज मागते. वीस फुटांवर लावलेल्या बागेत एकरी शंभराच्या वर झाडे बसतात. हिशेब तोंडी करून पाहा. एका एकराला रोज एक दहा हजार लिटरचा टँकर झाला. विहिरीत पाणी आहे तोवर हे झाड सोने देते. ज्या घरी खात्रीचे पाणी आहे त्यांनी ते खुशाल लावावे. पण पाण्याची खात्री आता पूर्वीसारखी उरलेली नाही. पाऊस उशिरा येतो, मध्येच तीन-तीन आठवडे दडी मारतो आणि आला की दोन दिवसांत महिन्याचा कोटा पुरा करतो.

शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. गेवराई, बीड, वडवणी, तेलगाव अशी गावे मागे पडत जातात. तेलगाव सोडल्यावर धारूरचा घाट सुरू होतो. रस्ता अरुंद, वळणे आवळलेली. समोरून उसाची नाहीतर सरकीची गाडी आली की दोन्ही ड्रायव्हर काचेतून एकमेकांकडे बघत बसतात, मागे कुणी घ्यायचे म्हणून. हा बालाघाटाचा डोंगर. वर मुरमाड, दगडगोट्यांचा माळ. मातीचा थर जेमतेम हातभर. पावसाचे मान खाली मोसंबीच्या मुलखात साधारण जेवढे, तेवढेच इथेही. सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास. फरक एवढाच, की खाली पडलेले पाणी काळ्या मातीत थोडेफार मुरते, वरचे पाणी खाली धावत सुटते.

आणि तरीही घाटाच्या उतारावर, बांधावर, किल्ल्याच्या पडक्या तटाच्या कडेला, जिथे नजर जाईल तिथे सीताफळ. कुणी लावले, कधी लावले, कुणाला ठाऊक नाही. जाणकार सांगतात की हे झाड मूळचे अमेरिका खंडातले आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. नावात सीता असली तरी गोष्ट अशी आहे. आता मात्र ते इतके इथले झाले आहे, की २०१६ च्या सुमारास बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. गंमत म्हणजे जालन्याच्या मोसंबीलाही त्याच सुमारास मिळाले. एकाच पावसाच्या मुलखातली ही दोन फळे, पण स्वभाव किती निराळे!

मी गेलो ते २०२५ च्या ऑक्टोबरात, दसरा होऊन गेल्यावर. धारूरच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या कडेला बायका पाट्या मांडून बसल्या होत्या. खाली सीताफळीचाच पाला, वर फळांचा ढीग. ज्या फळाचे डोळे उघडून फटी पांढुरक्या-पिवळसर झाल्या आहेत ते दोन-चार दिवसांत पिकणार. ते वेगळे काढलेले.

हा दिवस या भागात दोन अर्थांनी महत्त्वाचा. एकीकडे सीताफळाचा तोडा आणि दुसरीकडे ऊसतोडीला निघायची तयारी. बीड जिल्ह्यातली माणसे दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने कोपीत राहायचे आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात परत यायचे. गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेची लेकरे. कितीतरी घरांना सरळ कुलूप लागते.

मला या फेरीत पाहायचे होते ते हेच. आपण फळबागेची माहिती वाचतो तेव्हा त्यात घरधनी बारा महिने घरी आहे असे धरलेले असते. पाणी द्या, आळी करा, फवारा, राखण करा. पण जिथे सहा महिने घरात कुणी नाही तिथे बाग कशी व्हायची?

मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर एका वाडीत एक आजी भेटल्या. घर दोन खणांचे, मागे वीस-बावीस सीताफळे, बांधावर शेवगा, मोरीच्या पाण्यावर एक लिंबू आणि कढीपत्ता. मुलगा-सून दोन दिवसांनी निघणार होते. अंगणात गोधड्यांची आणि भांड्यांची गाठोडी बांधून ठेवलेली. मी म्हटले, "आजी, ही बाग कुणाच्या भरवशावर?"

"माझ्या," त्या म्हणाल्या. "पर दोनच वर्सं. तिसऱ्या वर्सापसनं झाड आपलं आपुन बघतंय."

"आणि शेळ्या?"

"शेळी त्याला तोंड लावत न्हाई. आधी बोरी लावल्या हुत्या, कलमाच्या. त्या पार बुडख्यापतोर खाल्ल्या. ह्याचा पाला तिला गोड लागत न्हाई."

मग आपणहून त्यांनी भावाची हकीकत सांगितली. भावाची अंबडकडे मोसंबी होती. शंभर झाडे. त्या दुष्काळात त्याने तीन बोअर घेतले. "झाडं गेली, कर्ज ऱ्हायलं. भाचा आता आमच्या पोराच्या टोळीत हाय," एवढे बोलून त्या फळे निवडू लागल्या. मला पुढे काही विचारवेना.

आता सीताफळीचा स्वभाव पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती सगळी पाने टाकते. घरात दाणे संपत आले की शहाणी बाई जसा खर्च आवरते तसेच हे. पाने नाहीत म्हणजे पाणी उडून जायला वाट नाही. मेपर्यंत काटक्यांचा सांगाडा उभा असतो. नवख्याला वाटते झाड मेले. वळवाचा शिडकावा झाला की फुटवे आणि फुले येतात, मृगाचे पाणी लागले की फळ धरते आणि पावसाच्या ओलीवरच ते पोसते. कोरड्या उन्हाळी हवेत फुले लागली तरी गळून जातात. दमट हवा आली की टिकतात. म्हणजे ज्या महिन्यांत घराला कुलूप, त्यातल्या कडक महिन्यांत झाडही निजलेले. माणसे परत आली की झाड जागे होते आणि माणसे जायच्या आधी फळ हातात देते. बोरीचेही असेच आहे. तीही उन्हाळ्यात पाने टाकून निजते, पण तिचे फळ पौष-माघात येते. तेव्हा गावात तोडायला माणूस नसतो आणि पाला शेळ्यांचा आवडता. म्हणून ऊसतोडीच्या घराला सीताफळ आणि ज्याला गावात राहून कुंपण राखता येते त्याला बोर, असे माझे मत झाले.

पहिली दोन वर्षे मात्र जिवाची आहेत. आजींची रीत सांगण्यासारखी आहे. उन्हाळ्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन तापू दिलेले. त्यात वरची माती आणि दोन पाट्या शेणखत. उताराच्या खालच्या अंगाने दगड-मातीचा अर्धा चांद घातलेला, म्हणजे वाहते पाणी झाडापाशी थांबते. रोपवाटिकेतले पिशवीतले रोप न लावता त्यांनी जागेवरच बी टोकले. पिशवीत सोटमूळ तळाशी गुंडाळते. जागेवरचे मूळ सरळ मुरमाच्या फटीत उतरते. खाली ओल शोधणारे ते मूळच पुढे झाडाला वाचवते. चांगल्या जातीचे फळ हवे असेल तर त्याच रोपावर पुढे जागेवर कलम करून घेता येते.

आणि मडके. प्रत्येक रोपापासून हातभर अंतरावर पाच-सहा लिटरचे मडके गळ्यापर्यंत पुरलेले. बुडाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात, तोंडावर चपटा दगड. कुंभाराकडचे फुटके-तुटके, स्वस्तातले मडकेही चालते. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी एकदा भरायचे. वीस मडक्यांना सव्वाशे लिटरच्या आत पाणी लागते. मोसंबीचे एक झाड जे एका दिवसात पिते, त्यावर वीस रोपे जवळजवळ पाच दिवस निघतात. हे पाणी म्हाताऱ्या माणसाला घागरीने, नातवंडांच्या मदतीने, दोन दिवसांत मिळून घालता येते. बुडाशी वाळल्या गवताचे आच्छादन घातले तर आणखी बरे.

आता दुसरी बाजू. सीताफळ श्रीमंत करणारे झाड नव्हे. चांगल्या झाडाला पन्नास-साठ फळे येतात, पण सगळ्या डोंगराचे फळ एकाच पंधरवड्यात पिकते. टिकते तीन-चार दिवस. व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. तो संध्याकाळपर्यंत थांबतो आणि मग भाव सांगतो. मोठ्या शहरात याच फळाच्या गराची आइस्क्रीमे खपतात, पण पाटीवाल्या बाईच्या हाती त्यातले फारसे पडत नाही. गर काढून गोठवण्याची सोय तालुक्याला झाली तर चित्र पालटेल.

शिवाय बदललेला पाऊस नुसता कमी पडूनच छळतो असे नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. नद्यांनी काठ सोडले, पिकाबरोबर शेतातली मातीही गेली. मी गेलो तेव्हा पाट्यांमध्ये काळे डाग पडलेली, तडकलेली फळे बरीच होती आणि बायका ती अर्ध्या किमतीला देत होत्या. पण झाडे? मुरमाच्या उतारावरची झाडे धडधाकट उभी होती, कारण तिथे पाणी साचतच नाही. खाली काळ्या रानात हौसेने सीताफळ लावलेल्या एका शेतात मात्र पाणी तुंबून ओळीच्या ओळी पिवळ्या पडल्या होत्या. दुष्काळाला सोसणारे झाड पाण्यात उभे राहिलेले सोसत नाही. चिबड जमिनीत ते लावूच नये.

आणखी एक, घरातल्या बायामुलींसाठी. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावायची चाल अजून पुष्कळ गावांत आहे. ही पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. लेकरांच्या डोक्याला ती लावू नका.

धारूरहून मी अंबाजोगाईला गेलो. योगेश्वरीचे दर्शन घेतले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र याच गावी आहे. डोंगरातल्या झाडांतून निवड करून काढलेली 'धारूर-६' ही जात तिथलीच. फळ मोठे, गर जास्त. तेलंगणातल्या गावाच्या नावाची 'बाळानगर' ही जातही आपल्याकडे पुष्कळ लागली आहे. बार्शी तालुक्यात गोरमाळे गावच्या शेतकऱ्याने निवडलेली 'एनएमके गोल्डन' उशिरा येते आणि जास्त दिवस टिकते, म्हणून बाजाराला बरी. मात्र तिला पाण्याची आणि देखभालीची साथ हवी. कुलूपबंद घराला मी गावरान किंवा 'धारूर-६' च सुचवीन.

लागवडीसाठी पैसा लागतो, पण तो सगळा खिशातून घालावा लागत नाही. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि कोरडवाहू झाडे त्यात येतात. ग्रामपंचायतीत किंवा कृषी सहायकाकडे उन्हाळा लागायच्या आधी नाव द्यावे. खड्डे मेमध्ये व्हायला हवेत. स्वतःच्या रानात खड्डे घेतल्याची मजुरीही त्यातून मिळते.

बी घरचे धरायचे असेल तर झाडावर भरलेले, मोठ्या डोळ्यांचे फळ निवडा. गर खाऊन बी धुवा, सावलीत वाळवा, राखेत घोळून मडक्यात ठेवा. पावसाच्या तोंडावर रात्रभर भिजवून एका खड्ड्यात तीन-तीन टोका. उगवायला महिना लागतो. तोवर खड्डा रिकामा दिसला म्हणून उकरून पाहू नका. आजींच्या नातवाने दोन खड्डे असेच उकरले होते, ते दोन अजून मोकळे आहेत.