न चढणारा

गांजाच्या घराण्यात जन्मला, पण कधी कुणाला चढला नाही. म्हणून बराच काळ कुणी त्याची विचारपूसही केली नाही. नाव कॅनाबिडिऑल, डॉक्टर आणि रुग्णांचे आईबाप सीबीडी म्हणतात. शुद्ध रूपात पांढरी, स्फटिकासारखी पूड. पाण्याशी त्याचं जमत नाही, तेलाशी मात्र लगेच गट्टी. फिट्सवरच्या औषधाच्या बाटलीत तो येतो तिळाच्या तेलात विरघळून, स्ट्रॉबेरीचा स्वाद घेऊन, कारण घेणारं बहुधा लहान मूल असतं. उपाशीपोटी घेतला तर फारसा अंगी लागत नाही. भरपूर तूप-लोणी असलेल्या जेवणाबरोबर घेतला तर रक्तात चार-पाच पट उतरतो. दुधात, मलईत भांग घोटणाऱ्यांना स्निग्धाची ही ओढ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पण त्यांना ती दिसली ती त्याच्या भावंडात.

ते भावंड म्हणजे टीएचसी. दोघं सख्खे. झाडाच्या मादी फुलांवरच्या चिकट राळेत एकाच आम्लापासून दोघांची घडण सुरू होते, आणि कोणतं विकर हात लावतं त्यावर कोण जन्मणार हे ठरतं. दोघांच्या अंगात कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू. एकही कमीजास्त नाही. फरक एवढाच की टीएचसीच्या अंगातली एक कडी मिटलेली असते आणि याची उघडी. तेवढ्यावरून स्वभाव पालटतो. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरला बिलगून टीएचसी हसवतो, भूक खवळवतो, वेळेचं भान घालवतो, त्याच्याशी सीबीडीचं तसं बसत नाही. तो चेतापेशींपाशी दुसऱ्याच वाटांनी जातो आणि त्यांचा अतिरेकी भडका उतरवतो. नेमक्या कोणत्या वाटेला किती श्रेय द्यायचं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

प्रयोगशाळेत तो आधी हाती आला, १९४० मध्ये, अमेरिकेत इलिनॉयला रॉजर अ‍ॅडम्स यांच्याकडे. त्याची नेमकी रचना उलगडायला १९६३ उजाडलं. ती उलगडणारे इस्राएलच्या वाइझमान संस्थेतले राफाएल मेशुलाम पोलिसांकडून जप्तीतला पाच किलो लेबनानी चरस घेऊन चक्क बसने निघाले होते, आणि प्रवासी विचारत होते, हा वास कसला? पुढच्याच वर्षी टीएचसी सापडला. मग सगळे त्याच्या मागे गेले.

मेशुलाम मात्र याला विसरले नाहीत. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी १९८० मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराचे पंधरा रुग्ण. आठ जणांना रोज दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम सीबीडी, बाकीच्यांना नुसती दिसायला औषधासारखी गोळी. आठांपैकी चौघांच्या फिट्स जवळजवळ थांबल्या. एवढं दिसल्यावर कुणीतरी धावायला हवं होतं. तीस वर्षं जवळपास कुणी धावलं नाही. झाडाचं नाव बदनाम होतं, आणि त्या बदनामीत त्याचा काडीचाही वाटा नव्हता. त्या तीस वर्षांत किती मुलं फिट्स सोसत मोठी झाली असतील, हा विचार मला सोडत नाही.

खरं तर धागा त्याहून जुना, आणि आपल्याच देशातला. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी चाळीस दिवसांच्या एका तान्ह्या मुलीची हकीकत लिहिली. झटक्यामागून झटके येत होते, इतर उपाय थकले होते. त्यांनी गांजाच्या अर्काचे थेंब दिले. झटके थांबले, पुन्हा आले, मात्रा वाढवली; शेवटी मूल बरं झालं. त्या अर्कात सीबीडी किती होता हे आता मोजता येणार नाही, त्यामुळे ते सगळं यश मी त्याच्या पदरात टाकत नाही.

त्याचं स्वतःचं यश २०१७ मध्ये कागदावर आलं. ड्राव्हे सिंड्रोम हा जन्मजात आजार. साधा ताप किंवा गरम पाण्याची आंघोळही फिट आणू शकते. अशा १२० मुला-तरुणांच्या चाचणीत सीबीडी घेणाऱ्यांच्या मोठ्या झटक्यांचा मध्यक महिन्याला १२.४ वरून ५.९ वर आला. सीबीडी न मिळालेल्यांचा १४.९ वरून जेमतेम १४.१ वर. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेने ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन आजारांसाठी औषधाला मान्यता दिली.

त्याच्याही खोडी आहेत. झोप आणतो, भूक मारतो, पोट बिघडवतो. व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं दुसरं औषध चालू असेल तर यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. क्लोबाझाम या तशाच औषधाबरोबर दिला तर गुंगी वाढते. डॉक्टरांच्या नजरेआड घरच्या घरी घालायचे हे थेंब नव्हेत.

आता बाजारात त्याची चलती आहे. सांधेदुखी, निद्रानाश, चिंता, अगदी कुत्र्यांना वाटणारी भीती, सगळ्यांवर त्याचं नाव लावतात. ड्राव्हेच्या चाचणीतली मात्रा होती दर किलो वजनाला रोज २० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला ४०० झाले. हजार मिलिग्रॅमची बाटली अडीच दिवसांत रिकामी होईल. मग थेंब-दोन थेंबांत सगळे आजार घालवण्याचं आश्वासन कशाच्या जोरावर देतात? ज्याने एक कठीण काम मनापासून केलं, त्याच्या गळ्यात न झेपणारी शंभर कामं अडकवलेली पाहून मला राग येतो.

त्या चाचणीत चौदा आठवडे घरच्यांनी रोज झटक्यांची नोंद ठेवली. दिवस मावळला की किती झटके आले ते लिहायचं. मग पिचकारीत ठरलेली मात्रा भरायची, हनुवटी धरायची, आणि स्ट्रॉबेरीच्या वासाचं ते तेल हळूच गालाच्या आत सोडायचं.