पाण्यातला वाफसा

"ताई, रोपं दुपारी माना टाकतात नि सांजच्याला परत उभी राहतात," पॉलिहाउसमध्ये काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या. एप्रिल होता. आमचं लेट्यूस मातीत नाही, पाइपांतून फिरणाऱ्या पाण्यात वाढतं. मी त्या पाण्याचा पीएच आणि ईसी (विरघळलेले क्षार) तपासला. दोन्ही बरोबर. उन्हाचा ताण असेल, म्हणून सोडून दिलं.

चार दिवसांनी एक रोप उपटलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढताच साल निघून आली, आत नुसता दोरा उरला. साताऱ्याला आमच्या आल्यातली कंदकूज आठवली आणि पोटात गोळा आला. तिथलं नि इथलं दुखणं एकच : पिथियम. त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात. शेतात ते ओल धरून सरकतात. इथे तर तेच पाणी फिरून फिरून प्रत्येक मुळाशी जात होतं.

तो कुठून आला हे शोधायचा उपाय कृषी महाविद्यालयातल्या सरांनी सांगितला, काकडीचा. सौम्य ब्लीचमधून काढून धुतलेल्या काकडीच्या चकत्या जाळीच्या पिशवीत घालून तीन ठिकाणी सोडल्या : बोअरच्या पाण्यात, उघड्या साठवण टाकीत आणि पाइपांतून परतणाऱ्या पाण्यात. दोन दिवसांनी बोअरची चकती कडक होती. बाकी दोन्ही मऊ पडून त्यांवर कापसासारखी वाढ आली होती. काकडीवर बुरशी कुठलीही येते. म्हणून सरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आडपडदे नसलेले तंतू, जाड भिंतीचे गोल बीजाणू. खात्री पटली. रोग उघड्या टाकीत पडणाऱ्या मातीतून शिरला होता.

वडील नेहमी म्हणायचे, "वाफसा सांभाळ, मुळाला हवाही लागते." पाण्यावरच्या शेतीत वाफशाचा संबंध काय, असं मला वाटायचं. पण वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. माझं पाणी तिशीच्या वर गेलं होतं. गुदमरलेली मुळं आणि उकाडा आवडणारा पिथियम, दोन्ही मीच एकत्र आणले होते.

आठशे रोपं उपटून टाकली. पाइप, टाक्या निर्जंतुक केल्या. साठवण टाकीवर झाकण आलं, पाण्यावर सावली आली, हवेचा पंप आला.

पान सुकतं तेव्हा मूळ आधीच गेलेलं असतं. म्हणून आता दर सोमवारी मावशी काकडी चिरतात आणि आम्ही दोघी बुधवारी पिशव्या उघडतो. चकती बोटाला कडक लागली, की मग पानांकडे वळतो.