बांधावर रेंज येते

रुग्णवाहिकेचा १०८ हा आकडा आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लहान पोरालाही पाठ आहे. १४४१६ अजून तसा तोंडी बसलेला नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाला. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. बंगळुरूची निम्हान्स संस्था त्याचं मुख्य केंद्र. आमच्याकडून सरकारी मनोरुग्णालय म्हणजे नागपूर, तीनशे किलोमीटरहून लांब. एका खेपेत दोन दिवसांची मजुरी बुडते आणि गावाला विषय मिळतो. फोनमुळे मजुरी वाचते. गावाचं बोलणं वाचतं, ते मला त्याहून मोठं वाटतं.

*

'उदास' हा पुस्तकातला शब्द. नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत तो असतोच: गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का? ओसरीवर बसलेला शेतकरी 'नाही' म्हणून मोकळा होतो. त्यालाच विचारा, झोप लागते का? मग अर्धा तास बोलतो. मन लागत नाही, जीव घाबरा होते, डोक्शात काहीतरी फिरत राहते, टेन्शन आहे. आजाराला इथे ही नावं आहेत. समोर बसून विचारणाऱ्याचा पहिला शब्द चुकला तर दुसरा सापडेपर्यंत चहा होतो. फोनवर विचारणाऱ्याला तेवढी सवड मिळत नाही. शब्द चुकला की लाइन कट. मराठीत फोनवरून संशोधन करायचं तर आधी तालुक्यातालुक्यांत बसून हे शब्द गोळा करायला हवेत.

*

२०१५मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात बुलढाणा होता. आशाताईने घरोघरी जाऊन विचारपूस करायची, जोखमीचा माणूस दिसला तर दवाखान्यापर्यंत न्यायचा, आणि जोडीला १०४ नंबरवर समुपदेशन. या मांडणीतला क्रम मला पटतो. आधी माणूस, मग तार.

*

फोन कोणाचा? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल जवळ असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या. म्हणजे फोनवर घेतलेल्या कुठल्याही मनाच्या पाहणीत जवळजवळ निम्म्या बायका दाराबाहेरच राहतात, किंवा नवऱ्याच्या समोर उभं राहून उत्तरं देतात.

आमच्या ओळखीतली एक सून शेतात गेल्यावरच बहिणीशी मोकळं बोलते. घरात दोन खोल्या, सासू, दोन पोरं. बांधावर रेंजही येते आणि ऐकायलाही कुणी नसतं. समुपदेशकाने पहिलं वाक्य 'तुम्हाला काय त्रास होतो?' हे विचारूच नये. 'आत्ता बोलता येईल का, की मी नंतर फोन करू?' इतकं विचारावं. तिला 'हो' किंवा 'नंतर' एवढंच म्हणावं लागेल. 'नंतर' म्हणाली तर तिनेच वेळ सांगावी, आणि बरोबर त्याच वेळी फोन यावा.

*

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मानसिक आरोग्याचा 'विश्राम' प्रकल्प झाला. निष्कर्ष २०१७मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले. नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम ४ जण आधी मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षात ते २७ झाले. गावातलीच माणसं शिकवून तयार केली होती. उद्या कुणी आमच्या भागासाठी मनाचं अॅप घेऊन आलं, तर मी आधी या २७शी ताडून पाहीन.

*

सैलानी. आमच्याच जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा दर्गा, होळीची यात्रा, नारळांची होळी. 'बाहेरचं' झालं म्हणून आणलेली माणसं, घुमणाऱ्या बायका. आणि आता भोवती मोबाइल. शुद्ध हरपलेल्या बाईचा व्हिडिओ तासाभरात तीन तालुके फिरतो. तो पाहताना माझा जीव तुटतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीवाचून माध्यमांत द्यायला बंदी केली. दर्ग्याच्या आवारात त्या बाईला हे कवच कोण देणार?

पण चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला नंदकुमार आणि आरती पालवे रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांना सांभाळतात. अशा माणसाला नाव आठवत नसतं, गाव आठवत नसतं. त्याचा फोटो फिरला तर एखाद्या दूरच्या घरात कुणी ओळखू शकतं. आधारसाठी दिलेल्या बोटांच्या ठशांवरूनही हरवलेल्यांची घरं सापडली आहेत, आणि त्यात चेहरा चारचौघांत जात नाही. म्हणून आधी ठसा. फोटो अगदी शेवटी, तोही धुतलेल्या कपड्यांतला.

*

गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ शेजारी ठेवली गेली. मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे धाडू लागले. सैलानीच्या वाटेवर नारळाच्या दुकानांवर १४४१६ लिहायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. विचारून पाहायचं, होळीच्या आधी.

*

एका आशाताईला विचारलं, बायकांना हा नंबर देता का? म्हणाली, देते, मीच त्यांच्या फोनात सेव्ह करून देते. घरचे फोन तपासतात, म्हणून नाव टाकते 'मावशी'.