लंडन नऊ तास, सेलू आठ तास

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सेलूजवळच्या एका वस्तीवर माझे मावसभाऊ दिवेलागणीला वारले. थोरला मुलगा लंडनला नोकरीस. फोन गेला, त्याला रात्री नऊच्या विमानाचे तिकीट मिळाले.

अंगणात बसलेल्या मंडळींनी हिशेब माझ्यावर सोपवला. शेतकी खात्यातला माणूस, बीएस्सी झालेला, एकरी खत-बियाणे तोंडपाठ. विमानाचे काय अवघड? मी कागद काढला. रात्री नऊला सुटणार, नऊ तास उडणार, म्हणजे सकाळी सहाला मुंबई. तिथे तपासणीला तासभर, पुढे मोटारीने आठ तास.

"दुपारी तीनपर्यंत येतो," मी सांगून टाकले.

"मग दिवस मावळायच्या आत होतंय बगा," भावकीतले आबा म्हणाले. सोयऱ्यांना तीनचाच सांगावा गेला.

सकाळचे सात वाजले, नऊ वाजले. फोन नाही. वहिनींचा जीव टांगणीला. साडेअकराला पोराचा आवाज आला, "काका, आत्ता मुंबईत उतरलो."

चूक माझी होती. विमान नऊला सुटले ते लंडनच्या घड्याळात. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. लंडनची वेळ शून्य रेखांशावरची, आपली साडेब्याऐंशीवरची. म्हणून हिवाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. (उन्हाळ्यात ते लोक काटा तासभर पुढे सरकवतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा.) तिकडे नऊ वाजले तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजले होते!

लंडन ते मुंबई हवेतले सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, त्यामुळे इकडे येताना तो पाठीशी असतो. जाताना त्याच वाटेला तासभर जास्त लागतो. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा असे मुक्काम घेत गेले. आज मध्ये कुठे उतरावे लागत नाही. आणि मुंबई ते सेलू जेमतेम पाचशे किलोमीटर, त्याला आठ तास! तेही जालन्यापर्यंत समृद्धी महामार्ग कामी आला म्हणून. रेल्वेने दहाएक तास धरायचे, आणि गाडीची वेळ जुळली तर.

म्हणजे पोरगा रात्री साडेआठशिवाय पोचत नव्हता. आबा म्हणाले, "दिवस मावळल्यावर अग्नी देता येत नाही. पुतण्या हाय की, तो देईल."

वहिनी एवढा वेळ बोलल्या नव्हत्या. "इतक्या लांबून यायलाय लेकरू. तोंड बघू द्या त्याला. रातभर थांबू."

सेलूहून बर्फाच्या लाद्या आणल्या. परगावचे सोयरे बरेचसे परतले, काही अंगणातच शेकोटी करून बसले. साडेआठला मोटारीचे दिवे वस्तीवर वळले. सकाळी अग्नी दिला.

मला कुणी शब्दाने बोलले नाही. तेराव्यानंतर पोरगा परत निघाला तेव्हा वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भाऊजी, जायचं विमान कोणत्या घड्याळात सुटतंय, ते आधी इचारून घ्या."