झोपडी उभारता आली पाहिजे

चि. मुक्ता,


आर्किटेक्चर पुरं करून सिनेमाच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये जाऊ का, असं विचारलंस. जरूर जा. फक्त महाल उभारायच्या ओढीनं जाऊ नकोस. आधी कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांचं काम नीट बघ.

काश्मीरमध्ये वाढलेला हा माणूस कोलकात्याला आला. फ्रेंच दिग्दर्शक झां रेन्वार तिथे 'द रिव्हर' करत होते, त्यात बन्सीदांनी कलाविभागात उमेदवारी केली. मग त्यांच्याच कलादिग्दर्शनात सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' आला, १९५५ साली, आणि पुढच्याच वर्षी 'अपराजितो'.

'अपराजितो'मधलं बनारसचं घर मी आजही विद्यार्थ्यांना दाखवतो. ते बनारसमध्ये नव्हतंच, कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलेलं होतं. आपल्या नाशिकच्या आजोळच्या वाड्यात चौकातून उजेड कसा उतरायचा, आठव. ऊन थेट कुठेच पडत नाही, तरी सगळं दिसतं. स्टुडिओत वरून दिवे सोडले की प्रत्येकाच्या मागे दोन-दोन सावल्या उभ्या राहतात आणि खोटेपणा उघडा पडतो. म्हणून सेटवरच्या चौकावर पांढरं कापड ताणलं, आणि छायालेखक सुब्रत मित्र यांनी खालून दिव्यांचा झोत त्यावर टाकला. परतून आलेला उजेड आभाळाचा वाटला. चौक किती रुंद आणि भिंती किती उंच, हे चुकलं असतं तर तो उजेडही फसला असता. तू कॉलेजात सेक्शन काढतेस ना, ते शिक्षण इथे कामी येतं.

'चारुलता' आणि 'शतरंज के खिलाडी'बद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, ते वाचशीलच. मला जास्त मोलाचं वाटतं ते १९८१ साल. त्या एकाच वर्षी 'उमराव जान'ची लखनवी श्रीमंती आणि जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या 'चक्र'मधली मुंबईची झोपडपट्टी, दोन्हींच्या कलादिग्दर्शनात बन्सीदा होते. त्याच वर्षी ते गेले. 'चक्र'चं फिल्मफेअर त्यांच्या पश्चात मिळालं.

माझ्या मते झोपडी जास्त अवघड. कोठीत नक्षी कुणाला जाब देत नाही. झोपडीत मात्र पत्रा कुठून आला, तो गळायला लागल्यावर वर काय टाकलं, चूल कुठल्या कोपऱ्यात आणि तिचा धूर कुठल्या भिंतीवर, हे सगळं ठरवावं लागतं. त्या घरातल्या बाईची उंची किती, यावर फळीची उंची ठरते. भिंत काळी करायला रंगारी तयारच असतो. पण ती नेमकी कुठे काळी हवी, हे त्याला तूच सांगायचंस.

सुरुवातीला असिस्टंट म्हणून राबशील. मापं घेशील, चोर बाजारात जुने कंदील शोधशील, रात्री सुतारांबरोबर थांबशील. शूटिंग संपलं की तोच सेट तुझ्यासमोर तोडतील. पैसे उशिरा येतात, म्हणून पहिलं वर्षभर घरातून आधार लागेल. त्याबद्दल ताईशी मी बोलतो, तू आत्ता विषय काढू नकोस. पोर्टफोलिओत मात्र महालांची चित्रं कमी कर, आणि तुमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची टपरी मापं घेऊन काढ. पुढच्या आठवड्यात मुंबईला येतोय, तेव्हा बघेन.

तुझा,
मामा