दुसरं हँडल

तर मंडळी, गेल्या महिन्यात अस्मादिकांनी नवीन अँप घेतला. बेस गिटारचा. 'हलका हवा' एवढी एकच अट होती आणि त्यासाठी तीन महिने खर्ची पडले. इतका विचार मी लग्न ठरवतानाही केला नव्हता (हे वाक्य बायकोने वाचून पास केलेलं आहे).

ज्यांना बेस गिटार म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार जाड तारांचं, लांब मानेचं हे वाद्य वाजत असताना कुणाचं लक्ष नसतं आणि थांबलं की सगळ्यांना काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. आर. डी. बर्मनच्या कितीतरी गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस आहे, पण गाणं ऐकताना ते नाव आठवणारा माणूस विरळाच. थोडक्यात, बेस वाजवणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण सामान सगळ्यात जड त्याचंच!

आम्ही पाच जण. सगळे आयटीवाले. सोमवार ते शुक्रवार कोड, आणि शनिवार-रविवार बँड. महिन्यातून एखादा कार्यक्रम मिळतो. कधी एखादा कॅफे, कधी कुणाच्या कंपनीचा फॅमिली डे, गणपतीत एखादी सोसायटी. माझा जुना अँप मी 2007 साली सेकंडहँड घेतला होता. 15 इंची स्पीकर, 150 वॉट, काळं कार्पेट चिकटवलेला लाकडी खोका. एकदा रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला तर 38 किलो भरला. त्याला दोन हँडल्स, दोन बाजूंना. म्हणजे बनवणाऱ्यानेच गृहीत धरलेलं की उचलायला दोन माणसं लागणार.

आम्ही सदाशिव पेठेत राहतो. तिसरा मजला, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. 60 पायऱ्या. दुसरं हँडल बाबा धरायचे.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. रॉक-बिक त्यांना कळत नाही, पण अँप खाली न्यायची वेळ झाली की पायजम्याची नाडी घट्ट करून दारात हजर. पहिली पायरी उतरताना म्हणायचे, "चल, मोरया!" त्यांच्या मते माझा अँप म्हणजे गणपतीच. आणायला दोघं, पोचवायला दोघं, आणि दर वेळी पुढच्या वर्षी लवकर या. रात्री साडेबाराला मी परत आलो तरी खाली रिक्षाचा आवाज ऐकून उतरून यायचे. "बाबा, तुम्ही झोपा ना, वॉचमनला घेतो" असं मी म्हणायचो. म्हणायचो फक्त. सोळा वर्षं मी नुसतं म्हणत आलो.

2023 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. कार्यक्रमाहून परत आलो आणि आम्ही अँप चढवत होतो. दुसऱ्या मजल्यावर बाबा थांबले. खोका खाली ठेवला, कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, "थांब रे, चपलेत खडा गेला." मी थांबलो. मोबाईल बघत थांबलो, हेही लिहून टाकतो. मग आम्ही वर गेलो.

पुढे दोन महिने 'चपलेत खडा' बऱ्याचदा गेला. शेवटी आईनेच ओरडून डॉक्टरकडे पाठवलं. हर्निया निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "काका, घरात जड काही उचलता का?" बाबा म्हणाले, "छे! या वयात काय उचलणार?"

मी शेजारच्या खुर्चीवरच बसलो होतो. तेव्हा मला कळलं की दुखतंय हे त्यांना खूप आधीपासून माहीत होतं. सांगितलं तर मी वाजवणं बंद करीन, म्हणून गप्प बसले होते.

मीच डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. ऑपरेशन झालं, नीट झालं. तीन महिने काहीही उचलायचं नाही, त्यानंतरही पाच किलोच्या वर नाही, असा दम मिळाला. बाबा घरी खुर्चीत आणि मी समोर लॅपटॉप घेऊन. एक्सेल शीट उघडली. नाव दिलं, 'हलका अँप'.

आता इंजिनिअर माणूस म्हटल्यावर पहिला प्रश्न, की अँप मुळात जड का असतो? या जडपणाचा इतिहास तसा वैभवशाली आहे. अँपेग कंपनीने 1969 साली एसव्हीटी नावाचा 300 वॉटचा व्हॉल्व्हवाला अँप काढला आणि रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या दौऱ्यात तो वापरला. त्याचं नुसतं हेड 38 किलोच्या आसपास, म्हणजे माझ्या अख्ख्या खोक्याइतकं. त्याच्याबरोबरच्या आठ स्पीकरच्या कॅबिनेटला लोक 'फ्रिज' म्हणतात. ते साठ किलोच्या वर. दोन्ही मिळून एक क्विंटल! मार्केट यार्डात न्यायचा माल तो. पण रोलिंग स्टोन्सकडे हमाल होते, माझ्याकडे बाबा.

तर वजनाची मुख्य कारणं तीन. ट्रान्सफॉर्मर, चुंबक आणि लाकूड.

ट्रान्सफॉर्मरचा विषय निघाल्यावर बाबा खुर्चीतून सावरून बसले. "50 सायकल्स म्हटलं की लोखंड आलंच," म्हणाले. त्यांनी समजावलं ते असं. समजा टाकी भरायची आहे आणि सेकंदाला फक्त 50 खेपा मारता येतात, तर प्रत्येक खेपेला मोठं पिंप उचलावं लागेल. पण सेकंदाला लाख खेपा मारता आल्या तर? फुलपात्र पुरे! स्विचिंग पॉवर सप्लाय नेमकं हेच करतो. घरातली 50 हर्ट्झची वीज आधी डीसी करून घेतो, मग तिला सेकंदाला लाखभर वेळा तोडतो, आणि त्यामुळे ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा होतो. आठवा, पूर्वी रेडिओला लावायचा तो जड, गरम होणारा एलिमिनेटर, आणि आजचा मोबाईल चार्जर. तोच फरक.

याच्या जोडीला आली क्लास डी. आजच्या बहुतेक हलक्या अँपमध्ये ती असते. पारंपरिक अँपमधला ट्रान्झिस्टर बराच वेळ अर्धवट उघड्या नळासारखा असतो, त्यामुळे बरीच वीज उष्णतेत जाते आणि ती घालवायला ॲल्युमिनियमची जडच्या जड हीटसिंक लागते. क्लास डी मधला ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला काही लाख वेळा. किती वेळ चालू ठेवायचा यावरून आवाजाची लाट तयार होते आणि शेवटी एक फिल्टर बाकीची कटकट गाळून टाकतो. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते. म्हणजे आपलंच क्षेत्र झालं की हे, शून्य आणि एक :-)

चुंबकाचं म्हणाल तर जुन्या स्पीकरमागे फेराइटची जाडजूड चकती असते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल मोटर्सने आणि जपानमध्ये सुमितोमोने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निओडिमियमचं चुंबक शोधलं. तेवढीच ताकद, वजन अगदी कमी. किंमत मात्र जास्त. राहिलं लाकूड. पार्टिकल बोर्डऐवजी हलका प्लायवूड वापरला की तिथेही दोन-चार किलो सुटतात.

मग सगळं हलकंच का घेऊ नये? मीही तेच म्हणत होतो. ट्रेस इलियटचं एल्फ नावाचं हेड पाऊण किलोचं आहे आणि 200 वॉट देतं. मी तर नाचायलाच लागलो होतो. पण हेडला आवाज नसतो, आवाज स्पीकरला असतो. आणि तिथे भेटतात हॉफमन साहेब. त्यांच्या नावाचा एक 'लोखंडी नियम' आहे. खोका लहान हवा, खर्ज खोल हवा, आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज हवा, या तिन्हींपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मिळतील. आपल्याकडे प्रोजेक्टमध्ये नाही का, लवकर, स्वस्त आणि चांगलं यातलं कुठलंही दोन निवडा म्हणतात? तसंच. इलेक्ट्रॉनिक्स लहान होत गेलं, पण हवा हलवायची तर ती हलवावीच लागते.

दुकानांत फिरताना आणखी काही गोष्टी कळल्या. कुणी बेसचा अँप घेणार असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितो.

पहिली म्हणजे वॉटच्या आकड्याला भुलू नका. वॉट दुप्पट केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट वॉट लागतात. शिवाय आकडा किती ओहमवर दिलाय ते बघा. 4 ओहमवर 500 वॉट देणारं हेड एका 8 ओहमच्या कॅबिनेटला 300 च्या आसपास देतं. मी आधी हळहळलो, मग हिशेब केला. फरक जेमतेम सव्वादोन डेसिबलचा!

दुसरी, दुकानात एकट्याने वाजवून खूश होऊ नका. मी सुरुवातीला खर्ज सगळा वर करून वाजवत होतो. काच थरथरली, पोट थरथरलं, मजा आली. पण ड्रम्स आणि दोन गिटार आल्या की त्या खर्जाचा नुसता चिखल होतो. बेसची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झची, पण आपण तिला ओळखतो ते बरंचसं 82 आणि त्यावरच्या स्वरांमुळे. अर्धं काम कान करतो. म्हणून मधल्या पट्टीत स्पष्ट बोलणारा अँप निवडा.

तिसरी, डीआय आउट आहे का ते पाहा. माझ्या जुन्या खोक्याला तो नव्हता, म्हणून सगळं सभागृह त्या बिचाऱ्यालाच भरावं लागायचं. डीआयची वायर मिक्सरला गेली की लोकांना ऐकवायचं काम मोठे स्पीकर करतात, आपला अँप फक्त आपल्याला आणि ड्रमरला ऐकू यावा एवढ्यापुरता.

आणि हलक्या अँपचा तोटाही सांगतो. जुना बिघडला की कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्तीवाला कथलाची वायर घेऊन बसायचा आणि तासाभरात हातात द्यायचा. नव्याच्या आत मुंगीएवढे पार्ट. बिघडला की बहुतेकदा अख्खा बोर्ड बदला.

एवढं करून शीटमध्ये दोन नावं उरली. एक फेंडर रंबल 100. 100 वॉट, 12 इंची स्पीकर, सगळं एकाच खोक्यात आणि वजन फक्त 10 किलो. पाठीवर बेस, एका हातात अँप, झालं! कुणाची गरज नाही. दुसरा पर्याय दोन तुकड्यांचा. मार्कबासचं लिटल मार्क 3 हेड, तीन किलोच्या आत, आणि वेगळं 12 इंची निओडिमियम कॅबिनेट, 14 किलोचं. महाग, वायरी जास्त, पिशव्या दोन. लॉजिकने पाहिलं तर आमच्या कार्यक्रमांना पहिला पुरेसा होता. तो घ्यायचा असं मी ठरवलंसुद्धा.

रात्री बाबांना सांगितलं, "हा घेतोय. दहाच किलो. आता कुणालाच त्रास नाही, मी एकटा नेऊ शकतो."

"वा, छान," बाबा म्हणाले. थोडा वेळ टीव्ही बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी आता वरूनच टाटा करायचा."

हसतच म्हणाले. पण मला रात्री झोप लागेना. सोळा वर्षांत बाबा माझ्या कार्यक्रमाला दोनदा आले असतील. गाणी त्यांना कळत नाहीत. त्या 60 पायऱ्या हाच त्यांचा माझ्या संगीतातला भाग होता. उतरताना ते विचारायचे, आज कुठे, किती वाजता, जेवण मिळणार का. चढताना विचारायचे, कसं झालं. हे सगळं बोलणं दुसऱ्या हँडलमुळे व्हायचं. एरवी घरात आम्ही 'पेपर झाला का वाचून' याच्यापलीकडे किती बोलतो?

सकाळी उठून शीटमध्ये एक कॉलम वाढवला. 'पाच किलोच्या आतला तुकडा आहे का?' निकाल लागला.

पहिला कार्यक्रम गेल्या शनिवारी झाला. डॉक्टरांना रीतसर विचारलं होतं. ते हसले आणि "तीन किलो चालेल" म्हणाले. मी कॅबिनेट घेतलं, बाबांनी हेडची पिशवी खांद्याला लावली. पायजम्याची नाडी घट्ट केली. "मोरया!" आणि आम्ही निघालो. जुना खोका आता ड्रमरच्या घरी तळमजल्यावर, सरावाच्या खोलीत असतो. बाबांसारखाच निवृत्त. तो कुठे जात नाही, आम्हीच त्याच्याकडे जातो.

रात्री परत येताना दुसऱ्या मजल्यावर बाबा थांबले. माझ्या पोटात धस्स झालं. या वेळी मोबाईल खिशातच होता.

"खडा?" मी विचारलं.

"नाही रे," बाबा म्हणाले, "दम लागला. बस दोन मिनिटं."

मग आम्ही पायरीवर बसलो. कॅबिनेट बाजूला, पिशवी त्यांच्या मांडीवर. "हां, आता सांग," म्हणाले, "कसं झालं?"

असो. अँप कसा वाजतो ते लिहायचं राहूनच गेलं. चांगला वाजतो.