शाल मिळाली, बिल राहिलं

शहरातल्या लघुउद्योजकांचा सत्कार होता. माझ्या मामेभावाचं नाव पुकारलं गेलं. ज्या साहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, त्यांच्याच कंपनीकडे त्याचं सात महिन्यांचं बिल थकलेलं. साहेबांनी पाठ थोपटली, तो हसला. ते हसू आठवलं की मला अजून संताप येतो.

भोसरी एमआयडीसीत त्याचा भाड्याचा गाळा आहे. दोन सीएनसी, एक जुनं लेथ, पाच माणसं. मोठ्या कारखान्यांना बुश आणि पिना करून देतो. असे गाळे तिथे गल्लोगल्ली आहेत.

बिलाची कथा मात्र सविस्तर सांगायला हवी. माल चलनावर गेला, गेटवर शिक्का बसला. महिन्याने विचारलं तर उत्तर आलं, ‘जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झालेलं नाही.’ मग ‘क्यूसीत, तपासणीत आहे.’ तोवर त्या पिना गाड्यांत बसून रस्त्यावर धावत होत्या! पुढे खरेदी ऑर्डरमधला एक आकडा जुळेना, मग सही करणारे रजेवर, मग मार्च एंड. इकडे बिल फाडलं की जीएसटी भरावाच लागतो, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. तो त्याने सीसी खात्यातून भरला, म्हणजे बँकेला व्याज देऊन.

कायदा नाही असं नाही. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असंच धरतात. जीआरएनचा बहाणा तिथेच संपतो. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. एप्रिल 2024 पासून आयकरातही चाप बसला: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही.

हे वाचून मी हरखले होते. मग खरेदी विभागातून भावाला निरोप आला, “बिलावर उद्यम नंबर टाकू नका.” हा लघुउद्योग म्हणून नोंदणीचा क्रमांक. म्हणजे कायद्याचं संरक्षण स्वतःहून सोडा, तर पुढची ऑर्डर.

“थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार कर,” मी म्हटलं.

“व्याज मिळेल गं, पण काम जाईल. निम्म्याहून जास्त काम त्यांचंच आहे.”

तेव्हा मला तो भित्रा वाटला. पाच जणांचे पगार त्याला करायचे असतात, मला नाही, हे नंतर ध्यानात आलं. तरी राग पुरता गेला नाही, कारण त्याच्या प्लेटिंगवाल्याचेही दोन महिन्यांचे पैसे त्याने अडवलेत. विचारलं तर म्हणतो, “माझे आले की देतो.” प्लेटिंगवाला कोणाचे अडवतो, देव जाणे.

सूक्ष्म-लघु उद्योगांची 45 दिवसांवरची थकबाकी कंपन्यांना दर सहामाहीला कंपनी निबंधकाकडे कळवावी लागते. म्हणजे कोणाचं किती अडकलंय हे आत सगळ्यांना ठाऊक असतं. वाचकांपैकी कोणी खरेदीत किंवा अकाउंट्सला असेल, तर आपल्या टेबलावरच्या फायलींत एखाद्या गाळेवाल्याचं बिल दबलंय का ते बघा, आणि सही करून पुढे पाठवा.